घाटाचा राजा कोण होणार?

जुलै महिन्यात मराठवाड्यातील पेरण्या आटोपत आलेल्या असतात. शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात आणि नांदेड-लातूरकडील घराघरांतून दहावी-बारावी झालेल्या मुलांच्या प्रवेशाची धांदल चाललेली असते. याच महिन्यात दूर फ्रान्स देशात ‘टूर द फ्रान्स’ ही सायकलींची जगप्रसिद्ध शर्यत भरते. आमच्या धर्मग्रामातील काही तरुणांना अलीकडे तिचे वेड लागले आहे. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या ओसरीवर बसून ही मुले वहीच्या पानावर यंदाच्या दावेदारांची नावे मांडतात. पहिला कोण, दुसरा कोण, डोंगरात कोण टिकणार आणि कोण गळणार, यावर त्यांचा वाद रंगतो. तीन आठवड्यांनी ते पान पुन्हा उघडले जाते आणि कुणाचे भाकीत खरे ठरले याचा निवाडा होतो.

हा खेळ निरुपद्रवी आहे आणि तो पाहताना आम्हांला कौतुकच वाटते. तथापि त्या पानाकडे पाहताना एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. उद्या कोण जिंकेल हे आज सांगताना आपण नेमके काय करीत असतो? आपण केवळ अंदाज बांधतो, की नकळत निवाडाही करतो? आणि ज्याचे नाव आपल्या यादीत नाही, त्याचे आपण काही देणे लागतो काय? प्रश्न सायकलींचा म्हणून सुरू होतो. पण तो फार काळ सायकलींचा राहत नाही.

प्रथम अंदाजाची बाजू नीट समजून घेऊ. ही शर्यत १९०३ साली सुरू झाली. तिचे एकवीस टप्पे असतात आणि विश्रांतीचे दिवस धरून ती सुमारे तीन आठवडे चालते. एकूण अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास भरते. रोजचा विजेता वेगळा असू शकतो. परंतु सर्व टप्प्यांचा वेळ एकत्र करून ज्याचा वेळ सर्वांत कमी, तो शर्यतीचा धनी. आघाडीवर असलेल्याने पिवळी जर्सी घालावयाची, हा प्रघात १९१९ पासूनचा आहे.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य वैरी वारा असतो. दुसऱ्याच्या पाठीमागे आडोशाने राहिले की पुष्कळ शक्ती वाचते आणि म्हणून शंभर-दीडशे जण एका घोळक्याने बरोबरच पोहोचतात. घाट लागला की चित्र पालटते. वेग मंदावतो, आडोशाचा उपयोग फारसा उरत नाही आणि प्रत्येकाला स्वतःच्या देहाचा भार स्वतःच वर ओढावा लागतो. तेथे शक्ती किती यापेक्षा देहभाराच्या मानाने शक्ती किती, हे महत्त्वाचे ठरते. म्हणूनच आल्प्स आणि पिरेनीज या पर्वतांत शर्यतीचा निकाल लागतो आणि एवढ्या मोठ्या जथ्यातून खरे दावेदार पाच-सातच उरतात. त्यांना घाट चढता आला पाहिजे, एकट्याने घड्याळाशी झुंजण्याच्या टप्प्यात मागे पडता कामा नये आणि तिसऱ्या आठवड्यातही रोजच्या श्रमातून रात्रीत सावरता आले पाहिजे.

महाराष्ट्राला ही गोष्ट अपरिचित नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरविण्यात येते. शर्यत एका दिवसाची. पण कस लागतो तो घाटातच. अमेरिका खंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही त्याहून कठोर शर्यत २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी जोडीने पूर्ण केली. २०१७ साली लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत प्रत्येकी एकट्याने पार केली. ज्या प्रांतात सायकल म्हणजे दुधाच्या किटल्यांचे आणि वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांचे वाहन, त्या प्रांतातून असे वीर निघतील असे भाकीत पूर्वी कोणी केले असते, तर ते हसण्यावारीच गेले असते.

सारांश, दावेदारांचा अंदाज बांधण्यात अंधश्रद्धा नाही. तो कारणांवरून कार्याचा केलेला तर्क आहे. येथे संत थॉमस अक्वायनस यांची आठवण होते. तेराव्या शतकातील या थोर धर्मपंडितांनी भविष्यकथनाचा विचार करताना भावी गोष्टींचे तीन वर्ग केले आहेत. काही गोष्टी आपल्या कारणांतून अटळपणे घडतात. ग्रहण त्यांपैकी एक. काही बहुधा घडतात, क्वचित चुकतात; वैद्य रोग्याच्या प्रकृतीविषयी जे सांगतो ते या वर्गातले. तिसऱ्या वर्गातील गोष्टी अशा की, त्या घडतीलही किंवा घडणारही नाहीत. माणसाच्या मुक्त इच्छेतून होणारी कर्मे मुख्यतः याच वर्गात येतात. पहिल्या दोन वर्गांविषयी कारणे पाहून आधी सांगणे हा बुद्धीचा रास्त उपयोग आहे. तिसऱ्या वर्गाविषयी जणू पहिल्याच वर्गातले असल्याप्रमाणे बोलू लागणे, हा मात्र देवाचा अधिकार आपल्याकडे घेण्याचा प्रयत्न होय. ज्योतिषी, हस्तसामुद्रिक, पोपटवाले यांच्याकडे जाण्यास ख्रिस्तसभा मनाई करते, ती याच कारणासाठी.

संत ऑगस्टीन यांनीही हा प्रश्न आपल्या परीने सोडविला होता. तरुणपणी त्यांचा फलज्योतिषावर विश्वास होता. फर्मिनस नावाच्या मित्राने त्यांना सांगितले की, ज्या क्षणी आपला जन्म झाला, त्याच क्षणी वडिलांच्या एका स्नेह्याच्या घरी दासीच्या पोटीही मूल जन्मले. पत्रिका एकच, परंतु एक मूल मानमरातबात वाढले आणि दुसरे गुलामीतच राहिले. एवढ्या गोष्टीने ऑगस्टीन यांचा विश्वास ढासळला.

आमची ओसरीवरची मुले ग्रहतारे पाहत नाहीत. ती मागील शर्यतींचे निकाल पाहतात. त्यांचे अंदाज दुसऱ्या वर्गातले, बहुधा खरे ठरणारे. पण बहुधा या शब्दाच्या उंबरठ्यापलीकडे काय असते?

१९४० सालच्या इटलीच्या शर्यतीत, म्हणजे ‘जिरो’मध्ये, जीनो बार्ताली हा सर्वांचा दावेदार होता. त्याच्या संघात फाउस्तो कोप्पी नावाचा वीस वर्षांचा एक पोरगा त्याच्या सेवेसाठी घेतला होता. अशा मदतनिसाला फ्रेंच भाषेत ‘दोमेस्तिक’ म्हणतात. अर्थ सरळ आहे, घरगडी. पुढाऱ्याला वाऱ्यापासून आडोसा द्यावयाचा, पाण्याच्या बाटल्या आणावयाच्या, वेळ पडली तर स्वतःचे चाक काढून द्यावयाचे, हे त्याचे काम. सुरुवातीच्याच एका टप्प्यात बार्तालीच्या वाटेत कुत्रे आडवे आले आणि तो पडून जायबंदी झाला. सेवक पुढे निघून गेला आणि अखेर कोप्पीच ती शर्यत जिंकला. डोंगराळ टप्प्यांत त्याला मदत करणाऱ्यांत स्वतः बार्तालीही होता.

२०२० सालच्या टूरमध्ये शेवटून दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिमोझ रोग्लिच हा सत्तावन्न सेकंदांनी पुढे होता. त्याचा विजय पक्का असे जवळजवळ सर्वांनी धरले होते. संध्याकाळपर्यंत त्याच्याच देशाचा, स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार एकोणसाठ सेकंदांनी पुढे गेला होता. त्याचा बाविसावा वाढदिवस तेव्हा दोन दिवसांवर आला होता. त्यानंतर २०२१, २०२४ आणि २०२५ या वर्षीही तोच जिंकला आणि आज तर त्याच्या नावावाचून कोणतीही यादी सुरू होत नाही. काल ज्याचा पराभव पक्का होता, त्याचाच विजय आज पक्का मानला जातो; आणि दोन्ही वेळा सांगणाऱ्यांचा स्वर तितकाच ठाम असतो.

परंतु आम्हांला खरी अंतर्मुख करते ती १९५६ सालची हकीकत. त्या वर्षी रॉजे वाल्कोवियाक हा एका प्रादेशिक संघातला फारसा कोणाला ठाऊक नसलेला फ्रेंच स्वार टूर जिंकला. एकही टप्पा त्याने स्वतंत्रपणे जिंकला नव्हता. एका टप्प्यात तो तीसेक जणांच्या मोठ्या तुकडीबरोबर निसटला आणि अठरा मिनिटांहून अधिक वेळ कमावून बसला. पुढे पिवळी जर्सी गेली आणि पर्वतांत त्याने ती चिकाटीने परत मिळविली. कोणताही नियम मोडला नव्हता, कोणाला फसविले नव्हते, आणि शर्यतीचा सरासरी वेग तर तोवरचा सर्वाधिक होता. तरीही लोकांनी नाके मुरडली. दैवाने पदरात पडलेल्या यशाला त्याचे नाव जोडून हिणविण्याचा प्रघात फ्रेंच भाषेत पडला. हा मनुष्य पुढे पुन्हा कारखान्यातील कामाकडे वळला आणि त्या हेटाळणीचे शल्य त्याला कित्येक वर्षे सलत राहिले. २०१७ साली तो वारला.

येथे काय घडले ते लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. भाकीत खोटे ठरले. पण दोष भाकीत करणाऱ्यांनी आपल्याकडे घेतला नाही, तो त्यांनी जिंकणाऱ्याच्या माथी मारला. आमच्या यादीत नसताना तू जिंकलासच कसा, असा तो प्रश्न होता. अंदाज जोवर अंदाज असतो, तोवर खोटा ठरल्यावर त्याने दुरुस्त व्हावयाचे असते. तो दुरुस्त होण्यास नकार देऊन माणसालाच दोषी ठरवू लागला, की त्याचा निवाडा झाला असे समजावे. आणि इतरांचा असा निवाडा करू नका, ही प्रभू येशूची आज्ञा आहे.

याच नाण्याची दुसरी बाजूही आहे. १९९९ ते २००५ या सात वर्षांत लान्स आर्मस्ट्राँग जिंकणार असे जे सांगत होते, त्यांचे भाकीत वर्षामागून वर्ष खरे ठरले. २०१२ साली उत्तेजक द्रव्यांच्या सेवनाबद्दल त्याची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि त्या वर्षांचा विजेता म्हणून आज कोणाचेच नाव लावले जात नाही. म्हणजे भाकीत खरे आणि विजय खोटा! कोण पहिला येईल या प्रश्नाचे उत्तर बिनचूक देणाऱ्यालाही कोण योग्य आहे या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असतेच असे नाही. इशायच्या घरी शमुवेल संदेष्टा गेला तेव्हा थोरल्या मुलाचा बांधा पाहून त्यालाही वाटले होते की, हाच तो. देवाने निवडला तो मात्र रानात मेंढरे राखावयास गेलेला, रांगेत उभासुद्धा न केलेला धाकटा दावीद.

आता आम्ही आमच्या अंगणात येतो, कारण आमची खरी काळजी तेथे आहे.

‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर परिचित आहे. मागास म्हणून हिणविल्या जाणाऱ्या मराठवाड्यातील मुलांनी परिश्रम, सराव आणि शिक्षकांची मेहनत यांच्या बळावर शालान्त व बारावीच्या परीक्षांत नाव काढले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. आज वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी खेड्यापाड्यांतील मुले लातूरला आणि नांदेडलाही येतात. भाड्याच्या खोलीत राहतात, मेसचा डबा खातात आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यास करतात. या मुलांत आपल्या धर्मग्रामांची मुलेही आहेत. कुणाच्या वडिलांनी शेताचा तुकडा विकलेला असतो, तर कुणाची आई दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करून पैसे पाठवीत असते.

या व्यवस्थेत चाचण्यांमागून चाचण्या होतात आणि गुणांप्रमाणे मुलांच्या तुकड्या पाडल्या जातात. वरच्या तुकडीत दावेदार, खालच्या तुकडीत इतर. येथेही एक यादी तयार होते, आणि ती वहीच्या पानावर राहत नाही. ती मुलाच्या चेहऱ्यावर उमटते. घरी फोन केल्यावर वडिलांचा पहिला प्रश्न ‘जेवलास का’ हा नसून ‘कितवा आलास’ हा असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या चाचणीनंतर पोर फोन करणेच टाळू लागते.

यावर कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे आम्ही हलके लेखीत नाही, की शिक्षकाने काय करावे? साठ-सत्तर मुलांना एकाच वेगाने कसे शिकवावे? ज्याला जे झेपते तेच त्याला द्यावे, हाही न्यायच नव्हे काय? आणि कुवत नसताना मुलाला खोटी आशा लावून त्याची वर्षे व बापाचा पैसा खर्ची घालणे, ही तरी दया कशी? हे खरे आहे. मुलाची आजची तयारी पाहून त्याला स्पष्ट सल्ला देणे हे वडिलधाऱ्यांचे कर्तव्य आहे. वैद्य रोग्याला खरे सांगतो तसे. अंदाज नकोच, असे आम्ही म्हणत नाही.

पण शर्यतीचा अंदाज आणि मुलाचा अंदाज यांत एक मूलभूत भेद आहे, तो विसरता कामा नये. ग्रहणाचे भाकीत केल्याने चंद्रावर काही परिणाम होत नाही. लातूरच्या ओसरीवर कोणी पोगाचारचे नाव लिहिल्याने आल्प्सच्या घाटात त्याचा पाय जड वा हलका होत नाही. परंतु ‘तुझ्याने हे व्हायचे नाही’ हे बापाचे वाक्य स्वतःच एक कारण बनते. मुलगा ते ऐकतो, त्यावर विश्वास ठेवतो, प्रयत्न सोडतो. आणि वर्षाअखेर बाप म्हणतो, ‘बघा, मी म्हणत नव्हतो?’ त्याचे भाकीत खरे ठरत नाही. ते त्याने खरे पाडलेले असते. सायकलींच्या संघातही थोडेफार असेच होते. ज्याला दावेदार ठरविले त्याच्या दिमतीला सात घरगडी दिले जातात. त्या घरगड्यांपैकी कोणाच्या अंगी घाटाचा राजा होण्याची ताकद आहे, हे कळावयास एखादे कुत्रे वाटेत आडवे यावे लागते. फरक एवढाच की, सायकलस्वार प्रौढ आहे, ती चाकरी त्याने आपखुशीने पत्करलेली आहे आणि त्याची शर्यत तीन आठवड्यांनी संपते. मुलाने यातले काहीच निवडलेले नसते आणि त्याच्यापुढे सारे आयुष्य पडलेले असते.

फ्रान्समध्येच, टूर सुरू होण्याच्या सुमारे नव्वद वर्षे आधी, एका शेतकऱ्याच्या मुलाविषयी असेच भाकीत करण्यात आले होते. त्याला लॅटिन येईना, सेमिनरीतील परीक्षकांपुढे उत्तरे देता येईनात. हा धर्मगुरू होण्यास लायक नाही, असे मत पडले. एका वृद्ध धर्मगुरूंनी मात्र त्याचा हात सोडला नाही. आपल्या घरी ठेवून, पुन्हा पुन्हा शिकवून त्यांनी त्याला तयार केले. १८१५ साली त्याला गुरुदीक्षा मिळाली आणि पुढे आर्स नावाच्या आडगावी त्याला पाठविण्यात आले. तेच संत जॉन मेरी व्हियानी, सर्व धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते. त्यांच्याजवळ पापनिवेदन करावयास देशभरातून लोकांची रीघ लागत असे. टूर संपल्यावर थोड्याच दिवसांनी, ४ ऑगस्टला त्यांचा सण येतो. परीक्षकांनी सांगितले ते असत्य नव्हते. लॅटिन त्याला खरोखरच येत नव्हते. त्यांची चूक एवढीच होती की, जे मोजता आले तेवढ्यालाच त्यांनी संपूर्ण माणूस मानले.

भाकिताची मर्यादा मराठवाड्याला दुसऱ्या कोणी शिकवावयास नको. दख्खनचे हे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजले जात असे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे चारच्या सुमारास, किल्लारीच्या परिसरातील लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली गावे क्षणार्धात ढिगारे होऊन पडली आणि हजारो माणसे झोपेतच गेली. नंतर पुष्कळ दिवस पुढच्या भूकंपाच्या भाकितांच्या अफवा उठत राहिल्या आणि माणसे रात्ररात्र उघड्यावर बसून काढीत. त्या भाकितांनी कोणाचे भले झाले नाही. भले झाले ते ढिगारे उपसणाऱ्या हातांनी, बाहेरून भाकरीची गाठोडी घेऊन आलेल्या अनोळखी माणसांनी आणि भूकंपाला तोंड देतील अशा रीतीने पुढे बांधलेल्या घरांनी. दिवस आणि घटका कोणालाच ठाऊक नाही असे सांगणाऱ्या प्रभूने आपल्याला भाकीत करावयास सांगितलेले नाही. दिवे तेलाने भरून जागे राहावयास सांगितले आहे. भविष्याशी ख्रिस्ती माणसाचे नाते अटकळीचे नसून तयारीचे आहे.

मग देवाचे काय? त्याला तर सर्व आधीच ठाऊक आहे. मग आपल्या धडपडीला अर्थ तो काय उरला? या जुन्या प्रश्नाला संत थॉमस यांनी दिलेला दृष्टांत घाटाच्याच वाटेवरचा आहे. रस्त्याने चालणाऱ्याला आपल्या मागून येणारे दिसत नाहीत. पण उंच माथ्यावर उभा असलेला सबंध रस्ता आणि त्यावरचे सगळे वाटसरू एकाच वेळी पाहतो. देव भाकीत करीत नाही, तो पाहतो. आणि माथ्यावरच्या पाहणाऱ्याच्या दृष्टीने वाटसरूच्या पायांत बेडी पडत नाही. तो आपल्या इच्छेनेच चालत असतो.

शुभवर्तमानात प्रभूने एकदा एका माणसाविषयी स्पष्ट भाकीत केले, आणि ते अपयशाचे होते. कोंबडा आरवण्यापूर्वी पेत्र आपल्याला तीनदा नाकारील, असे त्याने सांगितले. पण त्या भाकिताच्या अलीकडे-पलीकडे काय आहे, ते संत लूकच्या शुभवर्तमानात वाचावे. येशू पेत्राला सांगतो की, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे. आणि परत फिरल्यावर आपल्या भावांना स्थिर करण्याचे काम तो त्याच्यावरच सोपवितो. पडणार हे ठाऊक असूनही त्याचे नाव यादीतून खोडले नाही. ज्याचे पडणे दिसले, त्याचे उठणेही त्याच वाक्यात धरलेले होते. आमच्या मते भाकीत करण्याची ख्रिस्ती रीत हीच. मुलाविषयी कटू सत्य सांगण्याचा अधिकार त्यालाच आहे, ज्याने त्याच्यासाठी प्रार्थना केली आहे आणि जो त्याच्या अपयशानंतरही दाराशी उभा राहणार आहे.

शेवटी पुन्हा बार्तालीकडे वळतो. तो निष्ठावंत कॅथलिक होता. १९३८ साली तो टूर जिंकला. मग महायुद्ध आले आणि उमेदीची वर्षे गेली. १९४८ साली तो पुन्हा उतरला तेव्हा त्याने चौतिशी गाठली होती. निम्म्या शर्यतीपर्यंत तो एकवीस मिनिटांहून अधिक मागे होता आणि जाणकारांनी त्याला मोडीत काढले होते. आल्प्स लागताच त्याने लागोपाठ तीन टप्पे जिंकले आणि अखेरीस सव्वीस मिनिटांच्या फरकाने शर्यत जिंकली. पहिल्या आणि दुसऱ्या विजयात दहा वर्षांचे अंतर होते. पण त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी चढण कोणत्याही यादीत नव्हती. जर्मन फौजांनी इटली व्यापली असताना, फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांच्या पुढाकाराने ज्यूंना वाचविण्याचे जे गुप्त कार्य चालले होते, त्यात तो सामील झाला. सरावाच्या मिषाने तो मैलोगणती सायकल चालवी आणि सायकलीच्या नळीत दडवून बनावट ओळखपत्रांचे कागद पोहोचवी. सापडला असता तर प्राणावर बेतले असते. पुढे हयातभर त्याने याची वाच्यता जवळजवळ केलीच नाही. २००० साली तो वारला आणि २०१३ साली जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने ज्यूंचे प्राण वाचविणाऱ्या सज्जनांत त्याची गणना केली. ज्या शर्यतीत तो खऱ्या अर्थाने जिंकला, तिचे भाकीत करणारा कोणी नव्हता आणि टाळ्या वाजविणाराही नव्हता.

संत पौलानेही ख्रिस्ती जीवनाला शर्यतीची उपमा दिली आहे. परंतु अखेरीस तिमथीला लिहिताना आपण पहिला आलो असे तो म्हणत नाही. आपण धाव पूर्ण केली आणि विश्वास राखला, एवढेच सांगतो. टूरच्या डोंगराळ टप्प्यांत पुढाऱ्यांच्या बरेच मागे एक मोठी टोळी चढत असते. घाट न झेपणारे जड अंगाचे स्वार, थकलेले, पडून खरचटलेले असे सारे त्यात असतात. ठरलेल्या मुदतीत पोहोचले नाही तर बाद होण्याची भीती असल्यामुळे निरनिराळ्या संघांचे, एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले हे लोक एकमेकांना सांभाळीत एका चालीने वर जातात. धर्मग्राम म्हणजे आम्हांला बहुतेक वेळा ही मागची टोळी वाटते. पुढे कोण आहे याची तिला खबर नसते. आपल्यातला कोणी मागे तर राहिला नाही ना, एवढे ती पाहते.

म्हणून ओसरीवरच्या मुलांनी आपली यादी खुशाल करावी. तीत बुद्धीला व्यायाम आहे आणि खेळाचे प्रेम आहे. तिच्यावर पैसे मात्र लावू नयेत, कारण जुगाराचे व्यसन माणसाला गुलाम करते असा ख्रिस्तसभेचा इशारा आहे आणि त्या गुलामीने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही जवळून पाहिली आहेत. यादी खोटी ठरली तर हसून पान उलटावे आणि जो अनपेक्षितपणे जिंकला त्याचे मनापासून कौतुक करावे. आणि त्यांच्या आईवडिलांनी, आमच्यासकट आपण सर्वांनीच, आज रात्री नांदेड-लातूरच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत दिव्याखाली बसलेल्या आपल्या लेकराला फोन करावा, आणि तो जेवला का, हे आधी विचारावे.